दादांची काच

दादा कुणाच्या घरी गेले की लगेच बसत नसत. समोर जे टेबल असेल त्यावरून आधी उलटा हात फिरवत. तळहात नव्हे, बोटांची मागची बाजू. मग गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून, टेबलाच्या कडेशी गाल नेत आणि त्यात छपराच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत. घरातली माणसं चहाचा कप हातात धरून उभी राहत. बघून झालं की दादा उठून कप घेत, आणि टेबल चांगलं की वाईट याबद्दल चकार शब्द काढत नसत.

मालवणात एका बँकेत त्यांनी असाच काउंटरच्या काचेला गाल लावला, तेव्हा मी बरोबर होतो. वॉचमन धावत आला आणि काही पडलंय का म्हणून विचारू लागला. दादा ऑफिसात शिरले की शुद्ध मराठी बोलायचे. काच उत्तम आहे, पण डावीकडचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, असं त्यांनी त्याला गंभीरपणे सांगितलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले. मला मात्र लोकांकडे बघण्याची चोरी झाली होती.

देवबागला खाडीच्या बाजूला दादांची फायबरच्या होड्या बनवायची शेड होती. मी कट्टा गावचा. आमच्याकडे सुतारकाम वडिलांपासूनचं. पण तयार फर्निचरचे टेम्पो गावात यायला लागले तसं माझं काम आटत गेलं. पस्तिशी जवळ आली तेव्हा माझ्या हातात दुरुस्त्या तेवढ्या उरल्या होत्या, कुणाचा उंबरठा, कुणाच्या खिडकीचा कोयंडा. दादांना साच्यांखाली लाकडी सांगाडे करायला सुतार हवा होता. महिनाभराचं काम म्हणून मी गेलो आणि पाच वर्षं राहिलो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘मेस्त्री’ म्हणत. सुतारालाच मेस्त्री म्हणतात आमच्याकडे, त्यात मानाचं खास काही नाही. पण दुरुस्त्या करून करून कंटाळलेल्या माणसाला ती हाक बरी वाटायची.

फायबरचं काम मी तिथेच शिकलो. साचा आधी मेणाने घासायचा. मग त्यावर रंगाचा चकचकीत थर, त्याला जेलकोट म्हणतात. तो धरला की काचतंतूंची मॅट अंथरायची आणि रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, ते घट्ट करणारं हार्डनर मिसळून ती भिजवायची. सगळं सुकलं की साच्यातून सोडवायचं. साचा जसा असेल तसाच माल निघतो. साच्यावर केस पडला असेल तर मालावर केस दिसतो. दादा घड्याळ वापरत नसत. रेझिनचा कागदी कप डाव्या हातात धरून उभे राहत, आणि तो कोमट लागला की म्हणत, “आता हात चालव.” त्यांचा अंदाज चुकलेला मी एकदाच पाहिला. त्याबद्दल पुढे सांगेन.

त्यांचं घर शेडच्या मागेच होतं. लग्न केलं नव्हतं, एकटेच राहत. पहिल्यांदा त्या घरात गेलो तेव्हा मला काही कळेना. न्हाणीघराचं दार हिरव्या फायबरचं, आणि त्यावर देवी आल्यासारखे फोड. विहिरीच्या पंपावर अर्ध्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उलटी ठेवून छप्पर केलेलं. जेवायचं पान वाढलं ती फळी एका कोपऱ्यात इतकी वर उचललेली की आमटी सगळी भाताकडे पळायची. शेडमध्ये जे जे बिघडलं ते ते घरात आलेलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “गिऱ्हाइकाक चूक देवची नाय. टाकूची पण नाय. ह्या कुजणा नाय मेस्त्री, दर्यात टाकलंस तर नातवंडांच्या जाळ्यात गावतला.”

मेणाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. साच्याला सात वेळा मेण घासायचं, प्रत्येक वेळी सुकू द्यायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. बाकीचे कारागीर तीन-चार हातांत भागवतात. दादा सातव्या हाताला तर गुणगुणणंही बंद करत. त्याचं कारण मला त्यांनी सांगितलं नाही. शेडमागे माडाखाली ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी मोठं पडलेलं होतं, त्याबद्दलही सांगितलं नाही. ते मला सांगितलं गटाच्या काकींनी.

या काकी मासे विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. मालवणच्या रस्त्यावर एका नाक्याजवळ त्यांचा लहानसा बाजार भरतो. नऊ बायका, नऊ ओटे. ओट्यांना बसवलेल्या लाद्या जागोजाग फुटल्या होत्या. सांध्यांत पाणी साचायचं, रक्त साचायचं, कितीही धुतलं तरी वास जात नसे. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात ओटे दुरुस्त करून घ्यावेत असं बायकांनी ठरवलं होतं. काकी शेडमध्ये आल्या आणि विचारू लागल्या, की होड्या करता त्या फायबरच्या सपाट फळ्या करून द्याल का. वरून काचेसारख्या गुळगुळीत, एकही सांधा नको. नारळी पौर्णिमेआधी बसल्या पाहिजेत, कारण त्यानंतर मासळी यायला लागते.

दादांनी सपाट काम घेणं कधीचंच सोडलं होतं. हॉटेलवाले यायचे, टपरीवाले यायचे, सगळ्यांना परत पाठवायचे. त्यांचं म्हणणं असं होतं, की होडीला वळण असतं, नजर वळणावरून घसरत जाते आणि चूक झाकली जाते. “सपाटात कायच लपणा नाय,” असं म्हणून ते विषय संपवत. आताही तेच म्हणणार असं वाटून मी काकींना चहा तरी द्यावा म्हणून उठलो. तेवढ्यात काकींनी सांगितलं, की ओटा धुताना फुटक्या लादीने दादांच्या बहिणीचा तळहात कापलाय. तिला साखरेचा त्रास. दोन महिने झाले तरी जखम भरत नाही, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून बसते.

दादांनी मान वर केली नाही. ओट्याची लांबी विचारली, रुंदी विचारली. मग म्हणाले, करू.

काकींना सोडायला मी रस्त्यापर्यंत गेलो तेव्हा मला सगळं कळलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दादांनी मुंबईतली होड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि इथे येऊन शेड घातली. पहिल्या होडीसाठी साचा हवा होता. वडिलांच्या लाकडी होडीचा आकार पंचक्रोशीत नावाजलेला. दादांनी वडिलांना गळ घातली, की तिच्यावरून साचा काढतो, दोन दिवसांत होडी जशीच्या तशी परत. घाईत मेण कमी पडलं. साचा होडीला असा चिकटला की सुटेना. पाचरी ठोकल्या तेव्हा होडीच्या फळ्या फाटल्या. वडील पुन्हा कधी दर्यात गेले नाहीत. त्यांच्या होडीतून आलेली मासळी मोठी बहीण विकायची. ती भावाशी बोलायची थांबली. वडील वारले त्या दिवशीही बोलली नाही. ताडपत्रीखाली ती होडी होती, साच्यात अडकलेली, तशीच.

मी परत आलो तेव्हा दादा फूटपट्टीने जमिनीवर फळीचा आकार आखत होते. पाच फूट बाय अडीच फूट.

प्रश्न होता साच्याचा. होडीचा साचा आमच्याकडे होता, पण सपाट, चकचकीत फळीसाठी तितकाच सपाट, चकचकीत पृष्ठभाग हवा. मी म्हटलं, हे माझं काम. जाड प्लाय घेऊन त्यावर पांढरा सनमायका चिकटवतो, त्याच्याइतकं गुळगुळीत दुसरं काय. दादा म्हणाले, कर. दोन दिवस खपून मी ते केलं, कडा घासल्या, आरशासारखं दिसायला लागलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी मनासारखं केल्याचा आनंद झाला होता मला. दादांनी सात हात मेण केलं. पहिली फळी निघाली तेव्हा सुंदर चमकत होती. दादा वाकले, गाल टेकवला, आणि बराच वेळ उठले नाहीत. मग सरकून मला जागा करून दिली. मी पाहिलं. ट्यूबलाइटची रेघ सरळ नव्हती. वाम मासा पाण्यात चालावा तशी वळत गेली होती.

पावसाळी हवेत प्लायने ओल धरली होती. खालून तो किंचित फुगला, आणि जिथे फुगला तिथे वरचा सनमायकाही उचलला गेला. हाताला कळत नव्हतं, उजेडाला कळत होतं. मला इतकी लाज वाटली की मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो. या कामातला मी नव्हे, असं काहीसं म्हणालो. दादा फळी उचलून घराकडे निघाले होते. दारात थांबले.

“मेस्त्री, तुझो हात चुकाक नाय. प्लाय पाणी पियालो. आता तू माका सांग, पाणी न पिणारा काय आसा?”

मी पिशवी खाली ठेवली. त्या दिवसापासून आम्ही दोघं पाणी न पिणारं काहीतरी शोधत हिंडलो. गुळगुळीत ग्रॅनाइट पाहिला, पण लादी अरुंद, दोन जोडाव्या लागणार. साच्यात सांधा म्हणजे प्रत्येक फळीवर सांधा, आणि बायकांना सांध्यांचाच वीट आला होता. पत्रा आणला. गुळगुळीत होता, पण टेम्पोतून उतरवतानाच त्याला तीन पोचे पडले. दुकानदाराने नवा देतो म्हटलं, दादांनी नको म्हणून मान हलवली. एका पोच्याने बिघडणारी वस्तू नऊ वेळा कशी चालेल, असं त्यांचं म्हणणं.

मग काच. काचेला ओल लागत नाही, आणि काच मुळातच सपाट असते. मालवणातून खिडकीची काच आणली. इथे मी दादांना पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. त्याच सकाळी ते मालवणहून परत येताना नाक्यावरून आले होते, आणि बाजार बंद असूनही बहीण तिथे सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली त्यांना दिसली होती, हाताला पिशवी बांधून. पहिला थर थंड होईपर्यंत थांबायला हवं होतं. दादांनी दोन थर एका पाठोपाठ घातले. रेझिन सुकताना तापतं. जाड थर जास्त तापतो. कप त्यांच्या हातात होता, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. टक्कन आवाज झाला. काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली होती, आणि फळीवर तिची बारीक रेघ कायमची उमटली.

दादा खाली बसले. मी त्यांच्याजवळ बसलो. मी म्हटलं, काच बरोबर आहे, जाडी चुकली. त्यांनी हळूच विचारलं, किती जाड.

जाड काच सापडली कुडाळला. एक कापडदुकान दर्शनी भाग बदलत होतं. जुनी काच अर्ध्या इंचाची, रस्त्याकडे तोंड करून उभी. दादा दुकानासमोर रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि त्या काचेत पलीकडच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब बघू लागले. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, पुन्हा खाली बसून. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. मालकाला वाटलं, म्हातारा बायकांच्या पुतळ्यांकडे बघतोय. तो तावातावाने बाहेर आला. दादांनी त्याला आपल्या जागी उभं केलं आणि तार दाखवली. कुठे वाकते का सांग, म्हणाले. मालक बघत राहिला. रोज त्या काचेमागे बसून त्याने ती कधी पाहिली नव्हती. शेवटी काच आम्हाला मिळाली, बदल्यात दुकानावरची नवी पाटी फायबरची करून द्यायची ठरली. टेम्पोत काच गाद्यांमध्ये उभी केली. दादा पुढे बसायला तयार नव्हते. कुडाळपासून देवबागपर्यंत काचेला तळहात लावून उभे राहिले.

काच चांगली म्हणून भागत नाही, तिच्याखालची बैठकही तशीच हवी, नाहीतर स्वतःच्या वजनानेच ती वाकते. ही बैठक दादांनी माझ्यावर सोडली. मी जुन्या, मुरलेल्या सागाच्या वाशांची चौकट केली, प्रत्येक फुटाला एक स्क्रू ठेवला, आणि पाण्याच्या नळीने पातळी बघत एकेक स्क्रू फिरवत गेलो. त्याला तीन दिवस लागले. दिवस जात चालले होते, पण दादांनी एकदाही विचारलं नाही की झालं का. रोज फक्त येऊन माझ्या मागे उभे राहत आणि निघून जात.

फळी निघाली ती थर थंड होऊ देत, मध्ये हलका फोम घालून, दोन्ही बाजूंना सारखे थर देऊन. दोन दिवस काचेवरच ठेवली. मग कडेने पाणी ओतलं, प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या, आणि ती अलगद सुटली. दादांनी ती उजेडाखाली ठेवली, पण या वेळी स्वतः वाकले नाहीत. मला म्हणाले, “तू बघ.”

रेघ सरळ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी उठून त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन चूळ भरली. डोळ्यांनाही पाणी लावलं. मग लगेच म्हणाले, बांगडे आणले पाहिजेत. मला वाटलं, आनंदाची मेजवानी. तसं नव्हतं. नव्या फायबरला वास असतो, तो मासळीला लागायला नको. पहिल्या फळ्या आम्ही साबणाने धुतल्या, ऊन पडेल तेव्हा बाहेर, पाऊस आला की आत, असं दोन आठवडे केलं. मग दादांनी शीतगृहातले चार बांगडे आणून फळीवर सकाळपासून दुपारपर्यंत बर्फात ठेवले, आणि मसाला न घालता, नुसत्या मिठात उकडून खाल्ले. मलाही खायला लावले. डोळे मिटून चावत होते. पहिल्या वेळी त्यांना शंका आली, म्हणून चार दिवसांनी पुन्हा तेच. एकूण तीन वेळा मी ते बिनमसाल्याचे बांगडे खाल्ले. तिसऱ्या वेळी म्हणाले, आता बांगड्यासारखा लागता.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात नऊ फळ्या नाक्यावर बसल्या. बसवायला मी गेलो. दादा आले नाहीत, शेडमध्ये काम आहे म्हणाले. काम काहीच नव्हतं.

बाजार सुरू झाला त्या सकाळी मी मुद्दाम त्या रस्त्याने आलो. आठ बायका नव्या फळ्यांवर मासळी मांडून बसल्या होत्या. पांढऱ्या फळीवर बांगडे नि सौंदाळे असे दिसत होते की गिऱ्हाईक चालता चालता थांबत होतं. दादांच्या बहिणीने मात्र आपली फळी मोकळी ठेवली होती. ती बाजूला जमिनीवर, टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. काकी तिला काहीतरी समजावत होत्या आणि ती ऐकत नव्हती. शेडमध्ये दादांनी मला विचारलं, बसल्या का सगळ्या. मी म्हटलं, बसल्या. खोटं नव्हतं ते, पण माझ्याने त्यांच्याकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती जमिनीवरच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका होडीची नाळ घासत होतो. दारात सावली पडली म्हणून मी वळलो. दादांची बहीण, साधारण पासष्टीची, नऊवारीचा ओचा वर खोचलेला, एका हाताला स्वच्छ पांढरी पट्टी. दादांनी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. ती आत आली नाही. तिथूनच बोलली.

“सगळा सपाट करून ठेवलंस रे. पाणी जातला खंय?”

ती पुढे म्हणाली, की सकाळी टोपलीची जागा ओली झाली म्हणून फळीवर मांडलं. बर्फ वितळला, धुतलं, पाणी तिथेच उभं. जरा हललं की सगळं मांडीवर. बाकीच्या बायका भिडेपोटी बोलत नाहीत, मी बोलते. लुगडं बघ माझं.

खरंच होतं ते. दीड महिना आम्ही दोघं एका सरळ रेघेच्या मागे लागलो होतो. मासे विकायच्या ओट्याला उतार लागतो हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“उद्या येतंय, बाय,” दादा म्हणाले.

“उद्या कित्याक? मासळी आज आसा.”

आम्ही तिघं माझ्या मोटरसायकलवर बसू शकत नव्हतो, म्हणून रिक्षा केली. रिक्षात बहीण मध्ये बसली. दादांच्या मांडीवर लाकडाच्या चिपा होत्या, वेगवेगळ्या जाडीच्या, आणि त्या ते एकसारख्या मोजत होते.

नाक्यावर पोचल्यावर बहीण आपल्या ओट्यामागे जाऊन बसली आणि फळीवरची मासळी टोपलीत काढली. दादा तिच्या पायांशी गुडघे टेकून खाली शिरले. मी फळीची मागची कड उचलून धरायची, त्यांनी चीप सरकवायची, आणि बहिणीने तांब्याने पाणी ओतायचं, असं चाललं. पहिल्यांदा पाणी जागचं हललं नाही. “वायच आणि,” ती म्हणाली. दादांनी जाड चीप घातली. पाणी निघालं, मध्येच रेंगाळलं. “वायच आणि.” आजूबाजूच्या बायका विकायचं सोडून बघत होत्या. तिसऱ्या वेळी तिने तांब्या ओतला आणि पाणी एका सलग पदरासारखं फळीवरून उतरलं, कडेवरून गटारात गेलं. मागे फळी कोरडी, चकचकीत.

तिने पट्टी नसलेला हात फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठे काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. दादा अजून खालीच होते, त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांनी खालून विचारलं, जमलं का.

बहिणीने टोपलीतून एकेक सरंगा काढून फळीवर ओळीने मांडला. समोर एक पर्यटक जोडपं येऊन उभं राहिलं होतं आणि सरंग्याचा भाव विचारत होतं.

“गिऱ्हाईक इला,” ती खाली बघून म्हणाली. “भायर ये, आणि हयसर बस. त्यांका कापून दी. माझो हात अजून चलना नाय.”

दादा बाहेर आले, तिच्या शेजारी पाटावर बसले. तिने सुरी पुढे सरकवली. आयुष्यभर होड्या केलेला माणूस, पण मासा कापायला विसरलेला नव्हता. बाजार उठेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मी बाकीच्या आठ फळ्यांखाली चिपा घालत गेलो, आणि प्रत्येक वेळी पाणी गटाराकडे निघालं की ती बाई हसून पुढच्या बाईला हाक मारायची.